डिझेलच्या टाकीतील सूक्ष्मजंतू : उपद्रव आणि उपाय

पश्चिम किनाऱ्यावर जून आणि जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या बंदरांत या काळात नौका किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. ज्या मोठ्या नौका ओढता येत नाहीत त्या खाडीत नांगरून ठेवल्या जातात. जाळ्यांची डागडुजी होते, लाकूडकाम होते, रंगरंगोटी होते, इंजिनही खोलून पाहिले जाते. एका गोष्टीकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. ती म्हणजे टाकीच्या तळाशी उरलेले डिझेल. मे महिन्याच्या अखेरीस शेवटची फेरी करून आलेल्या नौकेत जे शे-दोनशे लिटर इंधन शिल्लक असते ते तसेच दोन महिने पडून राहते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास हंगाम सुरू झाला की त्याच डिझेलवर नवे डिझेल ओतले जाते आणि नौका समुद्रात लोटली जाते.

पावसाळ्यानंतरचा समुद्र अद्याप पुरता शांत झालेला नसतो. नौका हेलकावे खाऊ लागली म्हणजे टाकीचा तळ ढवळून निघतो. मग किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरावर इंजिन धापा टाकू लागते, वेग मंदावतो आणि अखेरीस ते बंद पडते. तांडेल डिझेल फिल्टर उघडून पाहतो तो आत तपकिरी-काळपट, बुळबुळीत गाळ भरलेला असतो. फिल्टर बदलून, एअर काढून इंजिन पुन्हा सुरू करावे तर तासाभरात नवा फिल्टरही तसाच भरतो. सोबतची नौका जवळ असेल तर दोर बांधून परतता येते. ती नसेल आणि वारा किनाऱ्याकडे असेल तर नौकेवरील सर्वांच्याच जिवावर बेतते. हा गाळ म्हणजे पंपावरील भेसळ, असा समज करून घेऊन पुष्कळदा डिझेल देणाऱ्या सोसायटीला दोष दिला जातो. भेसळीचे प्रकार घडतच नाहीत असे नव्हे. परंतु बुळबुळीत गाळाचे मूळ बहुधा पंपात नसून टाकीतच असते, आणि ते सजीव असते.

शेवाळ नव्हे

या गाळाला बोलीभाषेत 'शेवाळ' म्हणतात. इंग्रजी बोलणारे नाविकही त्याला त्याच अर्थाचा शब्द वापरतात. हे नाव मात्र चुकीचे आहे. शेवाळाला वाढण्यासाठी सूर्यप्रकाश लागतो आणि बंद टाकीत प्रकाशाचा किरणही पोहोचत नाही. टाकीत वाढतात ते तीन प्रकारचे सूक्ष्मजंतू : जीवाणू, किण्व आणि बुरशी. यांना प्रकाशाची गरज नसते. त्यांना लागते पाणी, थोडीशी ऊब, फॉस्फरस व नायट्रोजनसारखी क्षारद्रव्ये अल्प प्रमाणात, आणि खाण्यासाठी कार्बन. डिझेल हे कार्बन व हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण आहे. त्यातील सरळ साखळीची संयुगे तर या जंतूंना विशेष मानवतात. ज्याला आपण इंधन म्हणतो ते त्यांच्या दृष्टीने अन्न होय.

ही गोष्ट शास्त्रज्ञांना नवी नाही. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ मियोशी यांनी १८९५ सालीच बुरशी पॅराफिनवर जगू शकते असे दाखवून दिले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमध्ये सोह्नगेन यांनी आणि १९४१ साली अमेरिकेतील कॅन्सस येथे बुशनेल व हास यांनी खनिज तेलातील संयुगांवर पोसणाऱ्या जीवाणूंचा पद्धतशीर अभ्यास केला. तथापि व्यवहारात या ज्ञानाची किंमत कळली ती जेट विमाने आल्यावर. १९५० नंतरच्या दोन दशकांत विमानांच्या पंखांतील केरोसीनच्या टाक्यांत चिवट, साईसारखे थर आढळू लागले आणि त्यांच्याखाली अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यास खड्डे पडलेले दिसले. त्या थरांत एक बुरशी वारंवार सापडे. तिचे पूर्वीचे शास्त्रीय नाव क्लॅडोस्पोरियम रेझिनी. हल्ली तिला अ‍ॅमॉर्फोथेका रेझिनी म्हणतात. क्रिओसोट लावलेल्या लाकडावरही ती उगवते. लोकांनी मात्र तिला 'केरोसीन बुरशी' असेच नाव दिले. डिझेलच्या टाक्यांतही हीच बुरशी मुख्य गुन्हेगार म्हणून ओळखली जाते. तिच्या जोडीला स्यूडोमोनास वर्गातील जीवाणू असतात. भारतातही कारैकुडी येथील केंद्रीय विद्युत् रासायनिक संशोधन संस्थेतील संशोधकांनी डिझेल वाहून नेणाऱ्या नळवाहिनीतील गंजाच्या गाळातून डिझेलवर जगणारे जीवाणू वेगळे काढून त्यांचा धातूवरील परिणाम अभ्यासला आहे.

येथे एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. हाच स्यूडोमोनास जंतू समुद्रावर सांडलेले तेल फस्त करण्यासाठी उपयोगी पडेल, या विचाराने भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ आनंद मोहन चक्रवर्ती यांनी अमेरिकेत १९७० नंतरच्या काळात त्याचे एक नवे वाण तयार केले. सजीवावर पेटंट देता येते काय, या प्रश्नावरील त्यांचा दावा तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८० साली पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल लागला. समुद्रात जो गुण ठरतो तोच टाकीत अवगुण ठरतो, इतकेच.

पाण्यावाचून वाढ नाही

सूक्ष्मजंतू डिझेल खातात, पण राहतात पाण्यात. या एका वाक्यात सर्व उपाययोजनेचे मर्म आहे. डिझेल पाण्याहून हलके असल्याने टाकीतील पाणी तळाशी जाऊन बसते आणि त्याच्या व डिझेलच्या सीमारेषेवर जंतूंची वसाहत उभी राहते. वरून अन्न, खालून पाणी, असा तो शेजार असतो. तळाशी काही मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर असला तरी वसाहतीस पुरेसा होतो. एवढेच नव्हे, तर डिझेलचे पचन करताना जंतू स्वतःही थोडे पाणी निर्माण करतात. म्हणजे एकदा बस्तान बसले की पुढची सोय ते आपली आपणच करून घेतात.

हे पाणी येते कोठून? सर्वसाधारण समजूत अशी की अर्धवट भरलेल्या टाकीतील हवेचे दव होऊन ते साठते. ही समजूत खरी आहे, पण तिला मर्यादा आहे. ३० अंश सेल्सिअस तापमानास दमट हवेच्या एका घनमीटरात सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. तापमान २४ अंशांवर उतरले की सुमारे २२ ग्रॅम. म्हणजे हजार लिटर रिकाम्या जागेतील हवा रात्री थंड झाली तरी जास्तीत जास्त ८ ग्रॅम, दीड चमचा पाणी सुटणार. शिवाय प्रत्येक रात्री टाकीतील सारी हवा बदलत नाही. दव हळूहळू साठते. दोन महिन्यांच्या मुक्कामात ते जंतूंना रुजण्यापुरते होते, परंतु टाकीत जेव्हा पेलाभर किंवा तांब्याभर पाणी निघते तेव्हा ते दवाचे नसते. ते झाकणाच्या झिजलेल्या रबरी चकतीतून, हवेच्या नळीच्या सरळ वर उघड्या तोंडातून किंवा उघड्यावर ठेवलेल्या पिंपातून आलेले असते. पिंप उभे ठेवले की त्याच्या वरच्या कडेत पावसाचे पाणी साचते. दिवसा तापून रात्री निवताना पिंप आत हवा ओढते आणि बुचाच्या फटीतून त्या हवेबरोबर ते पाणीही आत जाते. यास्तव पिंपे नेहमी आडवी, दोन्ही बुचे एका समान रेषेत येतील अशी ठेवावीत. उभी ठेवणे भागच असेल तर थोडी कलती ठेवावीत.

नौकांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. टाकीत शिरणारे पाणी समुद्राचे असेल तर त्यात सल्फेट क्षार भरपूर असतात. गाळाच्या थराखाली, जेथे प्राणवायू पोहोचत नाही, तेथे या सल्फेटावर जगणारे निराळ्या जातीचे जीवाणू वाढतात आणि ते हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सोडतात. कुजक्या अंड्यांसारखा वास येऊ लागला तर गोष्ट बरीच पुढे गेली आहे असे समजावे. हा वायू पोलादाला व पितळेला खातो, आणि बंद जागेत माणसालाही जिवंत सोडत नाही. त्याविषयी पुढे येईलच.

जैवडिझेलाचाही येथे विचार करावयास हवा. वनस्पतिजन्य तेलापासून केलेले हे इंधन खनिज डिझेलपेक्षा कितीतरी अधिक पाणी स्वतःत सामावून घेते आणि जंतूंना पचावयासही सोपे असते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या जैवइंधन धोरणात २०३० पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के जैवडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट आहे. धोरणाचे फायदे निर्विवाद आहेत. परंतु ज्यांना इंधन दीर्घकाळ साठवावे लागते त्यांना आता पूर्वीपेक्षा अधिक दक्ष राहावे लागेल, हेही तितकेच खरे.

नुकसान नेमके कशाचे

जंतूंनी किती डिझेल खाल्ले, हा प्रश्न गौण आहे. त्यांचे खाणे टाकीतील साठ्याच्या मानाने नगण्य असते. खरे नुकसान त्यांच्या उत्सर्जनाने व त्यांच्या देहांनी होते. जंतू स्वतःभोवती एक चिकट आवरण तयार करतात. टाकीच्या भिंतीवर, तळाशी, नळीच्या वळणात त्याचे थर चढतात. ते सुटून निघाले की फिल्टर बुजतो. त्यांनी सोडलेली कार्बनी आम्ले पत्र्यात बारीक, खोल खड्डे पाडतात. वरून टाकी धडधाकट दिसते आणि एके दिवशी तळातून थेंब गळू लागतो. हवेत गंजलेला पत्रा सर्वत्र सारखा झिजतो. जंतूंचा गंज मात्र ठिपक्याठिपक्यांनी आत शिरतो आणि म्हणूनच तो लवकर आरपार जातो.

फिल्टर असताना इंजिनास भीती कशाची, असे कोणी विचारील. फिल्टर गाळ अडवतो. सुटा जीवाणू एक-दोन सहस्रांश मिलिमीटर आकाराचा असल्याने त्यातून निसटतो. फिल्टर हा पहारेकरी आहे, वैद्य नव्हे. त्यातच नव्या इंजिनांची रचना अधिक नाजूक झाली आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांच्या वाहनांत डिझेल हवेच्या दाबाच्या दोन हजार पटींपर्यंतच्या दाबाने अतिसूक्ष्म छिद्रांतून फवारले जाते. अशा पंपात व नोझलमध्ये पाण्याचा अंश किंवा आम्लधर्मी गाळ गेला की दुरुस्तीचा खर्च हजारांत नव्हे, लाखांत मोजावा लागतो. मासेमारी नौकांवरील जुन्या पद्धतीची इंजिने त्या मानाने सोशिक आहेत. तथापि सोशिकतेलाही अंत असतो, आणि समुद्रात गॅरेज नसते.

ओळखावे कसे

सर्वांत साधी परीक्षा काचेच्या बाटलीची. टाकीच्या अगदी तळाच्या नळातून, किंवा तो नसेल तर तळापर्यंत सोडलेल्या हातपंपाच्या नळीने, अर्धा लिटर नमुना स्वच्छ पांढऱ्या बाटलीत घ्यावा. वरून घेतलेला नमुना कुचकामी होय. वरचे डिझेल बहुधा आरशासारखे स्वच्छ असते आणि त्यानेच मालकाची फसगत होते. बाटली तासभर स्थिर ठेवली की खाली पाणी, वर डिझेल असे थर दिसू लागतात. दोहोंमधील रेषा स्वच्छ व तीक्ष्ण असेल तर केवळ पाणी काढून भागते. त्या रेषेवर साईसारखा पापुद्रा, लोंबणारे धागे किंवा तपकिरी फेस दिसला आणि बाटली हलवल्यावर तो काचेला चिकटला, तर जंतूंची लागण झाली असे धरावयास हरकत नाही.

पाणी आहे की नाही एवढेच पाहायचे असल्यास पेट्रोल पंपावर वापरतात ती वॉटर पेस्ट उपयोगी पडते. डिप रॉडच्या टोकाला ती लावून रॉड तळापर्यंत सोडला की जेथवर पाणी असेल तेथवर तिचा रंग बदलतो. मच्छीमार सोसायट्यांच्या पंपांवर ही पेस्ट असतेच. नौकामालकांनी तिची एक नळी स्वतःपाशी ठेवल्यास खर्च किरकोळ आहे.

फिल्टर काळा झाला म्हणजे जंतूच, असे मात्र नव्हे. जुने डिझेल हवेशी संयोग पावून डांबरासारखे घट्ट होते आणि त्यानेही फिल्टर काळा पडतो. तो मळ कोरडा किंवा चिकट-राळेसारखा असतो. जंतूंचा गाळ बोटांत धरला तर शेंबडासारखा बुळबुळतो. हा भेद न करता औषध ओतले तर औषधही वाया जाते व दोषही कायम राहतो. मोठ्या साठ्यांच्या बाबतीत प्रयोगशाळेत जंतूंचे संवर्धन करून किंवा त्यांच्या पेशींतील एटीपी या द्रव्याचे मापन करून निश्चित निदान करता येते.

उपचाराचा क्रम

बाजारात जंतुनाशकाच्या बाटल्या मिळतात आणि बहुतेकांचा ओढा थेट तिकडेच असतो. येथेच चूक होते. तळाशी पाणी व गाळ तसाच ठेवून औषध ओतणे म्हणजे जखम न धुता मलम लावण्यासारखे आहे. चिकट आवरणाखालील जंतूंपर्यंत औषध पोहोचत नाही. वरचे मरतात, खालचे उरतात आणि काही आठवड्यांत वसाहत पूर्ववत होते. म्हणून पहिले काम पाणी काढण्याचे. नौका किंवा यंत्र एक रात्र स्थिर ठेवावे, म्हणजे पाणी व गाळ तळाशी बसतो. मग तळाचा नळ उघडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत निचरा करावा. नळ नसल्यास हातपंपाची नळी टाकीच्या सर्वांत खोल कोपऱ्यात सोडावी. नौका ज्या बाजूला कलली असेल तो कोपरा खोल असतो, हे विसरू नये.

लागण हलकी असेल, म्हणजे पापुद्रा पातळ आणि भिंती स्वच्छ असतील, तर त्यानंतर जंतुनाशकाची मोठी मात्रा द्यावी. ही द्रव्ये निरनिराळ्या वर्गांची असतात : काही आयसोथायाझोलिनोन वर्गातील, काही ऑक्साझोलिडिन वर्गातील, तर काही बोरॉनची कार्बनी संयुगे. निवड करताना ते द्रव्य डिझेलमध्ये मिसळून पाण्यातही उतरते काय, हे डब्यावर पाहावे, कारण शत्रू सीमारेषेवर बसलेला असतो. टाकी अर्धी भरलेली असताना औषध घालून त्यावर उरलेले डिझेल ओतले तर ते सर्वत्र सारखे मिसळते. नंतर डब्यावर सांगितलेला काळ, जो सामान्यतः एक ते तीन दिवसांचा असतो, इंजिन न चालवता थांबावे. औषध घालून लगेच समुद्रात जाणे हा सर्वांत वाईट मुहूर्त होय. मेलेल्या जंतूंचे पापुद्रे याच वेळी भिंतीवरून सुटतात. म्हणून औषधोपचारानंतरचे पहिले काही तास इंजिन बंदरातच चालवावे, फिल्टरच्या तळाचे पाणी वरचेवर काढावे आणि हाताशी दोन-तीन नवे फिल्टर ठेवूनच पुढचा विचार करावा.

लागण जुनी असेल तर औषधाने भागत नाही. टाकी रिकामी करून धुवावीच लागते. डिझेल पिंपांत काढून ते पाणी वेगळे करणाऱ्या बारीक फिल्टरमधून पंपाने पुन:पुन्हा फिरवले तर बरेचसे इंधन वाचते. मोठ्या साठ्यांसाठी असे फिरते संच भाड्यानेही मिळतात. भिंतीवरील थर घासून काढावे लागतात; केवळ डिझेलच्या धारेने ते सुटत नाहीत. ब्लीचिंग पावडर किंवा घरगुती क्लोरीनचे द्रावण वापरण्याचा मोह टाळावा. जंतू त्याने मरतील, पण त्यातील क्लोरीन पत्र्यालाही खाईल. रिकामी टाकी कोरडी पुसून, नळ्या व दोन्ही फिल्टर बदलूनच नवे डिझेल भरावे. एका नळीच्या वळणात थोडा गाळ राहिला तरी तेवढे विरजण पुढच्या हंगामास पुरते.

टाकीत उतरणाऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न या साऱ्याहून मोठा आहे. मोठ्या टाकीत गाळाजवळ प्राणवायू कमी असतो आणि हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. हा वायू हवेहून जड असल्याने तळाशी राहतो. अधिक प्रमाणात तो असला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करून टाकतो. 'आता वास येत नाही' म्हणून निर्धास्त होणे त्यामुळे प्राणघातक ठरते. झाकणे उघडून पंख्याने ताजी हवा भरपूर वेळ खेळवल्याखेरीज आणि वायूची मापकाने तपासणी केल्याखेरीज कोणालाही आत उतरवू नये. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असावा आणि त्याचे दुसरे टोक धरणारा माणूस सतत बाहेर हवा. आतला बेशुद्ध पडला तर त्याला काढण्यासाठी घाईने उडी घेणारा दुसराही आतच राहतो. अशा दुर्घटनांत एकाच वेळी दोन-तीन जीव जातात ते याच कारणाने. उपकरणे नसतील तर टाकी कापून धुणे परवडले, पण माणूस उतरवणे नको. कापण्यापूर्वीही ती वायुमुक्त करून घ्यावी, हे वेल्डरला सांगण्याची गरज नसावी, तरी सांगावे.

मात्रेचा हिशोब

औषध कमी पडले तर जंतू मरत नाहीत. जास्त झाले तर काय होते, याचा धडा २०२० साली इंग्लंडमध्ये मिळाला. २६ फेब्रुवारी २०२० रोजी गॅटविक विमानतळावरून उडालेल्या एका एअरबस ए-३२१ विमानाची दोन्ही इंजिने उड्डाणानंतर थोड्याच वेळात बिघडली. सुदैवाने ते प्रवाशांविना जात होते आणि वैमानिकांनी ते सुखरूप परत उतरवले. ब्रिटिश अपघात तपास विभागाच्या चौकशीत असे निष्पन्न झाले की काही दिवसांपूर्वी देखभालीच्या वेळी विमानाच्या टाक्यांत जंतुनाशक घालताना मात्रेचा हिशोब चुकला होता आणि विहित प्रमाणाच्या सुमारे ३८ पट औषध इंधनात गेले होते. घोटाळा 'पीपीएम' या एककाच्या अर्थात झाला होता. त्यानंतर त्या औषधाच्या उत्पादकांनी विमानांतील त्याचा वापरच थांबवला.

पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत एक भाग. आकारमानाने १०० पीपीएम म्हणजे दहा लाख लिटर इंधनास १०० लिटर औषध. हजार लिटरला १०० मिलिलिटर. पाचशे लिटरच्या टाकीला ५० मिलिलिटर. अर्धा कप औषध पुरते आणि त्याची बाटली मात्र लिटरची मिळते, हेच गफलतीचे कारण. मात्रा टाकीच्या क्षमतेवर नव्हे, औषध घातल्यानंतर तीत प्रत्यक्ष जेवढे डिझेल असणार तेवढ्यावर ठरवावी. डब्यावर दोन मात्रा दिलेल्या असतात. मोठी, म्हणजे लागण झाल्यावर एकदा द्यावयाची. लहान, म्हणजे साठवणीच्या काळात प्रतिबंधासाठी. लहान मात्रा जुनाट लागणीत देत राहणे व्यर्थ आहे. त्याने काटक जंतू तेवढे शिल्लक राहतात. मोजण्यासाठी औषधाच्या दुकानातील खुणा असलेला प्लास्टिकचा पेला किंवा मोठी सिरिंज वापरावी. झाकणाने अंदाजे ओतू नये. ही द्रव्ये कातडीला व डोळ्यांना घातक असल्याने रबरी हातमोजे व चष्मा घातल्यावाचून बाटली उघडू नये.

चुंबक किंवा तत्सम उपकरण नळीला लावले की जंतू नष्ट होतात, अशी जाहिरातही अधूनमधून केली जाते. तिच्यावर विसंबून तळाचे पाणी काढण्याचे टाळणे शहाणपणाचे नाही.

जेथे इंजिन क्वचितच चालते

नौकांचा प्रश्न हंगामी आहे. रुग्णालये, पाणीपुरवठा केंद्रे, दूरध्वनी केंद्रे येथील जनरेटरचा प्रश्न बारमाही आहे, आणि तो अधिक दुर्लक्षित आहे. वीज सहसा जात नाही अशा ठिकाणी जनरेटर महिन्यातून काही मिनिटे चालवून पाहिला जातो. तेवढ्याने वरचे थोडे डिझेल वापरले जाते, तळाचे वर्षानुवर्षे तेथेच असते. चाचणीत यंत्र चालले म्हणून नोंदवहीत 'ठीक' असा शेरा पडतो. पुढे वादळात किंवा पुरात वीज सलग दहा-बारा तास गेली की टाकीची पातळी उतरते, तळाचा गाळ ओढला जातो आणि शस्त्रक्रियागृहात दिवे असावयास हवेत नेमक्या त्याच वेळी जनरेटर थांबतो. मासिक चाचणी भार देऊन व पुरेसा वेळ करणे, तळाचा नमुना दर तीन महिन्यांनी बाटलीत घेऊन पाहणे, आणि साठा सहा महिने ते वर्षभरात वापरून फिरता ठेवणे, ही कामे अवघड नाहीत. ती कोणाची, हे मात्र बहुधा ठरलेले नसते. विद्युत विभाग म्हणतो टाकी स्थापत्याची. स्थापत्य विभाग म्हणतो डिझेल भांडाराचे. रुग्णालयाच्या प्रमुखांनी एका व्यक्तीच्या नावाने हे काम लेखी सोपवले तर निम्मा प्रश्न सुटतो.

ट्रॅक्टर, पंप किंवा मळणीयंत्रासाठी घरी पिंप भरून ठेवणाऱ्या शेतकऱ्यांनाही हेच लागू पडते. फक्त त्यांचा साठा लहान असल्याने त्यांना औषधाची गरज क्वचितच पडेल. गरजेपुरते आणावे, छपराखाली आडव्या पिंपात ठेवावे, आणि पिंपाच्या तळाचे शेवटचे लिटर-दोन लिटर यंत्रात न घालता वेगळे काढावे.

नौकामालकांसाठी मे महिन्याचा शेवटचा आठवडा हा या कामाचा खरा काळ आहे. नौका ओढण्यापूर्वी टाकी एकतर पूर्ण रिकामी करून कोरडी पुसावी किंवा काठोकाठ भरावी. काठोकाठ भरल्यास दव धरण्यास जागा उरत नाही, पण दोन महिने पैसे अडकून पडतात आणि चोरीचीही भीती असते. म्हणून लहान नौकांना रिकामी करण्याचा मार्ग अधिक सोयीचा. भरलेल्या टाकीत जंतुनाशकाची लहान मात्रा घालून ठेवावी. झाकणाची रबरी चकती बदलावी आणि हवेच्या नळीचे तोंड खाली वळवावे. शाकारताना झावळ्या किंवा ताडपत्री इंजिनावर तेवढी घालतात, तशी टाकीच्या झाकणावरही घालावी. जुलैच्या अखेरीस नवे डिझेल भरण्यापूर्वी तळाचा नमुना एकदा बाटलीत पाहावा आणि पहिल्या फेरीस निघताना दोन फिल्टर व ते उघडण्याचा पाना नौकेवर असल्याची खात्री करावी.

निचरा केलेले पाणी व गाळ खाडीत ओतण्याची प्रथा मात्र बंद व्हावयास हवी. त्यात डिझेल असते, औषध असते, आणि ज्या पाण्यात ते ओतले जाते त्यातूनच उद्याची कोळंबी यावयाची असते. तेलसाठ्याच्या टाक्या धुताना निघणारा गाळ व पाणी २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली घातक कचरा मानला जातो. तो झाकणाच्या डब्यात साठवून प्राधिकृत संकलकाकडेच द्यावा लागतो. एकेका नौकेचा गाळ दोन-चार लिटरच असल्याने एकट्या मालकास हे जड जाते. सोसायटीच्या डिझेल पंपावर एक पिंप ठेवून त्यात सर्वांचा गाळ जमा केला आणि हंगामातून एकदा तो संकलकाकडे रवाना केला, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च एका फिल्टरच्या किमतीहून अधिक होणार नाही.